डाव्या बाजूचा बाक

“बस अशी माझ्याजवळ,” मावशी इस्त्रीखालच्या चादरीला म्हणाल्या. मग स्वतःशीच मान हलवून त्यांनी सुरुवातच बदलली. “छे. आधी रडू दे तिला. पोटभर रडली की मग बोलायचं.”

“मावशी, चादर रडली तर पुन्हा वाळवावी लागेल हं!” पलीकडे यंत्रात ओले कपडे कोंबणारा जाड्या ओरडला.

“तू तुझं काम कर. तुझ्या बायकोला नाही सांगत मी.”

“तिला नकाच सांगू. ती आधीच माझं ऐकत नाही.”

इस्पितळाच्या त्या धुलाईखान्यात मावशींना सगळे कडक मावशी म्हणत. मागे कुणीतरी खळ घातलेल्या चादरीवरून चिडवलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मावशींना त्याचा राग नव्हता. त्या ताठ चालत, कुणासमोर डोळ्यांत पाणी आणत नसत, आणि रक्ताचा डाग गरम पाण्यात घालणाऱ्याची अशी काही हजेरी घेत की तो जन्मात पुन्हा घालत नसे. त्यांच्याशी बोलायचं असलं की लोक त्यांच्या डावीकडे येऊन उभे राहत. उजवा कान गेलेला होता. कसा गेला ते इथं फार कुणाला माहीत नव्हतं. चर्चमध्ये मात्र लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं, कारण पाळकसाहेब ते उपदेशातून सांगत.

पाळकसाहेबांची मुलगी चिमी सासरहून बॅग घेऊन परत आली आहे, ही बातमी मावशींच्या कानावर आली होती. अजून बोलावणं कसं आलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. तिच्याशी काय बोलायचं ते त्या चादरींपुढं घोकून ठेवत होत्या. एखादी सून घर सोडून आली की पाळकसाहेब मावशींना निरोप धाडत, आणि मावशी जाऊन, त्या पोरीचा हात हातात घेऊन, स्वतःची गोष्ट सांगत. मग ती पोर डोळे पुसून परत जाई. हे त्यांचं देवाच्या घरचं काम होतं. पगाराच्या कामापेक्षा त्या ते जास्त मनापासून करत.

गोष्ट अशी होती. मावशींचा नवरा चर्चच्या गायकवृंदात गायचा. आवाज इतका भरदार की पाहुणे विचारत, हा कोण गातोय. घरी आला की तोच आवाज वेगळ्या कामाला लागायचा, आणि पाठोपाठ हात. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच मावशी एक बॅग भरून आईकडे निघून गेल्या. दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेब स्कूटरवरून दारात हजर झाले. तेव्हा ते नवीन होते, केस काळेभोर होते. खुर्चीवर बसून, मांडीवर पवित्र शास्त्र उघडून, पत्नीनं पतीच्या अधीन असावं हा भाग त्यांनी वाचला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “बाई, हे मी नाही म्हणत, देव म्हणतोय. हाच तुझा क्रूस. तुझ्या सोसण्यानं तो जिंकला जाईल.” मावशींची आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, “शास्त्रातच आहे म्हटल्यावर आपण काय बोलायचं?” आणि मावशी बॅग मांडीवर धरून त्या स्कूटरच्या मागे बसल्या.

कान गेला तो त्यानंतर. नवरा डावखुरा होता, म्हणून उजवा गेला. पाळकसाहेब इस्पितळात आले, प्रार्थना केली, म्हणाले, “हे दुःख वाया जाणार नाही.” आणि खरोखरच त्यांनी ते वाया जाऊ दिलं नाही. “आपल्या मंडळीत एक बहीण आहे,” अशी त्यांच्या उपदेशात सुरुवात झाली की सगळ्या माना उजव्या बाजूच्या दुसऱ्या बाकाकडे वळत. मावशी तिथंच बसत, म्हणजे मधल्या व्यासपीठाकडे डावा, चांगला कान राही. खोटं कशाला बोला, त्या माना वळलेल्या त्यांना आवडत. कान देऊन त्यांनी तेवढंच तर मिळवलं होतं.

*

शनिवारी काम संपल्यावर प्रभुभोजनाच्या मेजावरचा धुतलेला कपडा कागदात गुंडाळून मावशी पाळकसाहेबांच्या घरी गेल्या. तो कपडा धुणं आणि इस्त्री करणं हेही त्यांच्याकडेच होतं. पाळकीणबाईंनी दार उघडलं आणि आत बोट दाखवलं.

चिमी मागच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. मनगटाला प्लास्टर होतं. मावशींनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्यांना बघताच ती उठली आणि गळ्यात पडली.

“रड, रड. पोटभर रड,” मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. ठरवल्याप्रमाणे त्यांनी तिला रडू दिलं. मग तिला शेजारी बसवून तिचा चांगला हात हातात घेतला. “बाळा, क्रूस जड असतो. मलाही वाटलं होतं, नाही उचलणार. पण ज्यानं दिला—”

“मावशी, जरा बाहेर येता?”

दारात पाळकसाहेब उभे होते. मावशी बाहेर आल्या. ओसरीत पाळकसाहेबांनी दार हळूच ओढून घेतलं आणि सवयीनं मावशींच्या डाव्या बाजूला आले.

“तो विषय नको तिच्यापुढं.”

“कुठला?”

“परत जाण्याचा. ती परत जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.”

मावशींना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, काही दिवस थांबवायचं म्हणत असतील. “बरं, जरा विश्रांती घेऊ दे. मग पुढच्या आठवड्यात मी—”

“कधीच नाही, मावशी. पुढच्या आठवड्यातही नाही.”

“पण साहेब, तुम्हीच तर—”

“प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते.”

“हिची काय वेगळी आहे?”

“तिचा हात मोडलाय हो!” पाळकसाहेबांचा आवाज फुटला. ज्या माणसाला मावशींनी इतक्या मर्तिकांत कोरड्या डोळ्यांनी उभं राहिलेलं पाहिलं होतं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मावशींचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. त्यांनी तो तिथूनच पदर सावरल्यासारखा खाली आणला. पाळकसाहेबांचं लक्षच नव्हतं, ते बंद दाराकडे बघत होते.

निघताना चिमी फाटकापर्यंत आली. “मावशी, तुम्ही येणार हे माहीत होतं मला,” ती म्हणाली. “तिथं असताना रोज तुमची आठवण यायची. बाबा लहानपणापासून तुमचं सांगायचे ना. मी मनात म्हणायचे, मावशींनी केलं, मग मला का नाही जमणार? म्हणून तर इतके दिवस थांबले.”

मावशी हसल्या. तसंच हसत त्यांनी फाटकाची कडी लावून घेतली.

*

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. पाळकाची मुलगी परत आली म्हटल्यावर एरवी सणासुदीला उगवणारे चेहरेही हजर होते. चिमी पहिल्या बाकावर आईला खेटून बसली होती. पाळकसाहेबांनी वाचायला घेतली ती वाकलेल्या बाईची गोष्ट, अठरा वर्षं जिला सरळ उभं राहता येत नव्हतं ती.

“ही बाई सभास्थानात येत होती,” ते म्हणाले. “सगळे तिला बघत होते. मला वाटतं, तिच्या वाकण्यालाच लोक भक्ती समजू लागले असतील. पण प्रभूनं तिला असं सांगितलं नाही, की बाई, आणखी थोडं सोस. उद्या ये म्हणणारे तिथं होते. त्यानं उद्यावर टाकलं नाही. तिला बोलावलं, हात ठेवला आणि सरळ उभं केलं.”

त्यांनी चष्मा वर सरकवला.

“आपण बायकांना अधीन राहा म्हणून वाचून दाखवतो आणि तिथंच पुस्तक मिटतो. त्याच्या लगेच पुढं नवऱ्यांना काय सांगितलंय, प्रीती कशी करायची सांगितलंय, ते वाचत नाही. माझ्या बंधूंनो, अर्धं वचन ऐकवणं ही फसवणूक आहे. मार खाणं हा क्रूस नव्हे. क्रूस माणूस स्वतः उचलतो, दुसऱ्यानं तो पाठीत घालायचा नसतो.”

मागून दोघातिघांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. मावशींचा चांगला कान व्यासपीठाकडे होता. एकेक शब्द आत जात होता. इतका चांगला उपदेश त्या माणसानं आयुष्यात दिला नव्हता. पटत होता, म्हणून तर जीव जळत होता. खोटा असता तर मावशींनी झटकून टाकला असता. मावशींना फसवल्यासारखं वाटत होतं. वाटत होतं कसलं, फसवलंच होतं, आणि आता फसवणाऱ्यालाच आमेन मिळत होतं.

आज ‘आपल्या मंडळीत एक बहीण आहे’ आलं नाही. तरी एक मान त्यांच्याकडे वळलीच. तिसऱ्या बाकावरची दर्जीण. दोन पोरांना दोन्हीकडे घेऊन बसलेली. मावशींनीच तिची समजूत घालून तिला परत धाडलं होतं, पहिलं पोर तिच्या पोटात असताना. ती रागानं बघत नव्हती. उत्तर माहीत नसलेला मुलगा शेजारच्याच्या पाटीकडे बघतो, तशी बघत होती.

*

चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत पाळकसाहेब झगा काढत होते. मावशी मेजावरचा कपडा घेऊन आत शिरल्या. त्यावर द्राक्षरसाचा डाग पडला होता.

“पुढचं का नाही वाचलं त्या दिवशी?”

“कुठल्या दिवशी?”

“माझ्या आईच्या घरी. मांडीवर पुस्तक होतं तुमच्या. वाचलंत आणि मिटलंत. पुढं नवऱ्यांना सांगितलेलं तेव्हाही तिथंच असेल ना? का नंतर छापलं?”

पाळकसाहेब झग्यात एक हात अडकलेला तसेच थांबले. आठवत नाही म्हणाले असते तर मावशींना एक वेळ बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, “तुम्ही बॅग मांडीवर धरली होती. वळणावर माझ्या पाठीला लागत होती ती.”

“मग?”

“मी तरुण होतो, मावशी. मला जे शिकवलं होतं तेच मी शिकवलं. माणूस शिकत जातो. वचन तेच असतं, समजायला वेळ लागतो.”

“मुलगी दारात आली तेव्हा समजलं.”

त्यांनी मान खाली घातली. मग सावरून म्हणाले, “पण तुमचं सोसणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. तो सुधारला शेवटी. ते तर आपण सगळ्यांनी पाहिलं.”

“सुधारला कुठं, साहेब? दमला. हात उचलवेना त्याला. तुम्ही त्याच्या मर्तिकात सांगितलंत, बायकोच्या प्रीतीनं जिंकला. मी गप्प बसले, कारण ऐकायला छान वाटलं.” मावशींचा आवाज चढला नाही. त्या कपड्याची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. “चुकलात म्हणून मला एवढं नाही वाटत. सगळेच चुकतात. पण तुम्ही म्हणालात, मी नाही म्हणत, देव म्हणतोय. पाळक म्हणतोय एवढंच म्हणाला असतात ना, तर मी कदाचित स्कूटरवर बसले नसते.”

बाहेर कुणीतरी बाक सरळ करत होतं. लाकूड फरशीवर करकरत होतं.

“मी काय करू, सांगा,” पाळकसाहेब म्हणाले.

“तिथं उभं राहा आणि म्हणा, आजवर मी चुकीचं सांगितलं. माझ्यासाठी नको, माझं झालं सगळं. ज्यांना तुम्ही पाठवलंत, ज्यांना मी पाठवलं, त्यांच्यासाठी म्हणा.”

“आज तेच तर सांगितलं.”

“आज तुम्ही दुसऱ्या कुणीतरी चूक केल्यासारखं सांगितलंत.”

त्यांनी झग्यात अडकलेला हात सोडवला. मग हळू म्हणाले, “मंडळी गोंधळेल, मावशी. लोक म्हणतील, काल ते सांगत होते, आज हे सांगतात, उद्या काय सांगतील? लोकांचा विश्वास डळमळेल. तेवढं मला नाही करता येणार.” त्यांचा हात टेबलावरच्या शास्त्राकडे गेला. “मला क्षमा करा. क्षमेबद्दल प्रभूनं काय—”

“पुस्तक नका उघडू,” मावशी म्हणाल्या.

हात तिथंच राहिला. चिमी इतके दिवस का थांबली, कुणाच्या उदाहरणावर थांबली, हे मावशींच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. एका वाक्यात हा माणूस खाली बसला असता. त्यांनी ते गिळलं. ते चिमीचं होतं, सांगायचं तर तिनं सांगावं.

“कपडा धुवून पाठवते,” त्या म्हणाल्या. “त्या बिचाऱ्याचा काय दोष.”

*

दर्जिणीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक दिवा आणि दोरीला लटकलेले अर्धवट फ्रॉक. मावशी सोमवारी कामावरून थेट तिथं गेल्या.

“मी तुला चुकीचं सांगितलं,” त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या.

मशीन थांबलं. “काय?”

“परत जा म्हणाले ते. देव म्हणत नव्हता तसं. पाळकसाहेब म्हणत होते आणि मी म्हणत होते.”

दर्जिणीनं फ्रॉकचा दोरा दातानं तोडला. “आता सांगताय? दोन पोरं झाल्यावर?”

“हो. आता.”

“तुम्ही काय गोड बोलला होता त्या दिवशी, मावशी. मला अजून सगळं पाठ आहे. तुमच्याकडे बघून वाटलं होतं, एवढं सोसून ही बाई कशी ताठ चालते. आपणही असंच होऊ या. रोज मार खाल्ला की आरशात बघायचे, ताठ झाले का म्हणून.”

मावशींना दोरीचा आधार घ्यावासा वाटला, पण तिच्यावर फ्रॉक टांगलेले होते. “ताठ कसली गं,” त्या म्हणाल्या. “खळ आहे ती. पाण्यात टाकली की जाते.”

दर्जीण हसली नाही. बसा म्हणाली नाही. तिनं कापड पुन्हा सुईखाली सरकवलं. पाय मशीनवर ठेवून ती थांबली, जणू मावशी निघायची वाट बघत होती.

“माझी खोली मोठी आहे,” मावशी म्हणाल्या. “मी एकटीच असते. एवढंच सांगायला आले होते.”

मावशी रस्त्यावर आल्या तरी मशीन सुरू झालेलं ऐकू आलं नाही. पण त्यांना वाटलं, आपणच उजवा कान तिकडे करून चालतोय, म्हणून येत नसेल.

आठवडाभर त्यांनी चादरींशी एक शब्द काढला नाही. जाड्यानं दोनदा विचारलं, “मावशी, आज चादरी गप्प का?” दुसऱ्या वेळी त्या इतका वेळ नुसत्या बघत राहिल्या, की त्यानं त्यांच्यासाठी स्वतःहून चहा आणला.

रविवारी मेजाचा कपडा त्यांनी पाळकीणबाईंच्या हातात दिला. स्वच्छ होता, कडक होता, डागाचा मागमूस नव्हता. मग त्या मधल्या वाटेनं पुढं गेल्या आणि उजव्या बाजूच्या दुसऱ्या बाकाशी न वळता डावीकडे वळल्या. तिथं बसणाऱ्या म्हाताऱ्यानं आश्चर्यानं सरकून जागा दिली. इथून व्यासपीठ उजव्या हाताला होतं.

पाळकसाहेब उभे राहिले. सवयीनं त्यांची नजर उजव्या बाकाकडे गेली, तिथं थबकली, मग शोधत डावीकडे आली. मावशींनी ती चुकवली नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. गीत सुरू झालं. बहिऱ्या बाजूनं येणारं गाणं मावशींना भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटत होतं. ते वाईट वाटत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना थोडं वाईट वाटलं.

गीत संपता संपता वाटेवरून कुणीतरी घाईनं आलं. दर्जीण होती. एका हाताला धाकटा, मागे थोरला, खांद्याला कपड्यांनी फुगलेली मोठी पिशवी. ती मावशींच्या उजवीकडे टेकली आणि हळूच काहीतरी बोलू लागली. ओठ हलत होते एवढंच मावशींना दिसलं.

त्यांनी तिच्या बाहीला धरून उठवलं, पोरांसकट पिशवीसकट स्वतःच्या पलीकडे घेतलं आणि डाव्या बाजूला बसवलं. म्हाताऱ्याला आणखी सरकावं लागलं.

“आपण वचन वाचू या,” व्यासपीठावरून पाळकसाहेब म्हणाले. पानं उलटल्याचा आवाज चर्चभर झाला.

मावशींनी मान दर्जिणीकडे कलती केली.

“हं, आता बोल,” त्या म्हणाल्या.